अ‍ॅटॅकनंतर रक्त परत सुरू झाल्यावर पेशी मरतात म्हणजे नक्की काय? आणि आप्पांची कॅल्शियमची गोळी बंद करू का?

ऊसकरी_वाळवा

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणारे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमच्या आप्पांना (वय ६३) तीन महिन्यांपूर्वी अ‍ॅटॅक आला. त्या आठवड्यात आमच्याकडं रात्रीची लाइट होती, दीड वाजता मोटर चालू करायला रानात गेले आणि तिथंच छातीवर कुणीतरी पाय देऊन उभं राहिल्यासारखं झालं, घाम फुटला, डावा हात जड. घरी आले तर पित्त असेल म्हणून आधी जिऱ्याचं पाणी, मग जवळच्या एका डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं, ईसीजी काढलाच नाही. सकाळी सातला मिरजेला पोचलो तेव्हा पुढची मोठी नस १०० टक्के बंद. लगेच अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकला. म्हणजे साडेपाच तास गेलेच. ते साडेपाच तास अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

पहिल्या इकोत पंपिंग ३५ टक्के होतं, परवाच्या इकोत ४५ आलं. डॉक्टर म्हणाले काही स्नायू मेलाय तो गेला, काही झोपला होता तो आता जागा होतोय. आनंद झाला. पण माझा चुलतभाऊ फार्मसीला आहे, त्याने कुठलातरी लेख पाठवला की खरं नुकसान रक्त परत सुरू झाल्यावर होतं, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात कॅल्शियम घुसतं आणि पेशी मरते. हे ऐकल्यापासून आईने आप्पांची कॅल्शियमची गोळी बंद केली (गुडघेदुखी आणि हाडं ठिसूळ म्हणून चालू होती), दूध बंद, नाचणीची भाकरी पण बंद. आप्पा चिडचिड करतात.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. गोळी आणि दुधाचा याच्याशी संबंध आहे का? आणि रक्त सोडल्यानेच पेशी मरत असतील तर आपण केलं ते बरोबर केलं ना?

रात्रपाळी_एमडी

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण तो तुम्हाला जास्त टोचतोय. शंभर टक्के बरोबर केलंत. नस बंद राहिली असती तर त्या नसेवर जगणारा जवळजवळ सगळा स्नायू गेला असता. रक्त परत आल्यावर होणारं नुकसान खरं आहे, पण ते वाचलेल्यातून थोडा वाटा काढून नेतं.

आता गोळी. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार घट्ट धरून ठेवतं, दर १०० मिलिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आत, त्यासाठी मानेत पॅराथायरॉइड नावाच्या चार छोट्या ग्रंथी आहेत, दूध प्यायलं म्हणून ते भसकन वाढत नाही आणि सोडलं म्हणून उतरत नाही, कमी पडलं तर हाडातून काढून भरलं जातं. शिवाय हृदयाची पेशी दोन ठोक्यांच्या मध्ये निवांत असते तेव्हा तिच्या आतलं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा दहा हजार पटीने कमी असतं. तो फरक पेशी स्वतः राखते. लेखातलं कॅल्शियम म्हणजे पेशीचा हा बंदोबस्त कोलमडल्यावर आत आलेलं कॅल्शियम. त्याचा भाकरीशी काही संबंध नाही.

तेव्हा दूध, नाचणी खुशाल सुरू करा. गोळीचं मात्र इथं विचारून ठरवू नका. कॅल्शियमच्या गोळ्यांनी रक्तवाहिन्यांना त्रास होतो का हा वेगळा वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही, म्हणून ज्यांनी ती लिहिली त्यांना आणि हृदयाच्या डॉक्टरांना दोघांना विचारा की आता गरज आहे का.

आणि आईंना हात जोडून सांगा, दुसरी कुठलीही गोळी अशी घरच्या घरी बंद करायची नाही. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या बंद झाल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. असे पेशंट रात्री-अपरात्री आलेले मी पाहिलेत.

पेशीघर

दादा, मी कराडची, सध्या बाहेरदेशी उंदरांच्या हृदयावर याच विषयात काम करते. तुमच्या भावाने पाठवलेला लेख खोटा नसणार, पण अर्धाच वाचला गेलाय. जरा सविस्तर लिहिते.

शाळेत आपण तंतुकणिका म्हणून शिकलो त्याच मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा बनवून देणाऱ्या. हृदयाच्या पेशीचा जवळपास एक तृतीयांश भाग यांनीच भरलेला असतो, कारण या पेशीला एक सेकंदही सुट्टी नाही. आता कॅल्शियम. हृदय कॅल्शियमशिवाय आकुंचन पावतच नाही, हे लंडनच्या सिडनी रिंगर यांना १८८० च्या दशकातच दिसलं होतं. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात बेडकाचं हृदय चालायचं आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलेल्यात थांबायचं, नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हा फरक होता. प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियम वाढतं, स्नायू आवळतो, मग ते उपसून काढलं की सैल पडतो. त्यातलं थोडंसं मायटोकॉन्ड्रियात जातं आणि तिथल्या एन्झाइमांना सांगतं की काम वाढलंय, ऊर्जा वाढवा. म्हणजे तुमचे आप्पा पळत बांधावर चढतात तेव्हा ऊर्जेचा पुरवठा वाढवण्यात याच कॅल्शियमचा हात असतो. ते शत्रू नाही.

आता नस बंद झाली की काय होतं बघा. ऑक्सिजन नाही म्हणून पेशी बिनऑक्सिजनचं जळण जाळते, आत आम्ल साठतं. आम्ल बाहेर टाकायला पेशी बदल्यात सोडियम आत घेते. एरवी सोडियम उपसायचा पंप असतो पण तो चालायला ऊर्जा लागते आणि ऊर्जाच नाही. मग सोडियम घालवायला जो दुसरा दरवाजा आहे, एरवी कॅल्शियम बाहेर टाकणारा, तोच उलटा फिरतो, सोडियम बाहेर आणि कॅल्शियम आत. पेशीत कॅल्शियम तुंबलं. पण या वेळी मायटोकॉन्ड्रियाचा व्होल्टेज पडलेला असतो म्हणून ते सगळंच्या सगळं आत ओढलं जात नाही.

आणि आता रक्त आलं. तुम्ही वाळव्याचे, म्हणून डीपीचंच (रानातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं) उदाहरण देते. लाइट गेलेली असते तेव्हा डीपी जळत नाही. लाइट येते, सगळ्या रानातले ऑटो स्टार्टर एकाच वेळी मोटरी उचलतात, तेव्हा जळतो. तसंच इथं. ऑक्सिजन आला की मायटोकॉन्ड्रियाचा व्होल्टेज, आतल्या बाजूला साधारण उणे १८० मिलिव्होल्ट, लगेच परत येतो, आणि त्या ओढीने बाहेर तुंबलेलं धनभाराचं कॅल्शियम आत खेचलं जातं. त्याच मिनिटाला ऑक्सिजनचे जळजळीत कण तयार होतात, कारण नस बंद असताना साठलेलं सक्सिनेट नावाचं जळण आता भराभर जळतं आणि ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतले इलेक्ट्रॉन उलटे पळतात (हे केंब्रिजच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं). आणि तिसरं, आतलं आम्ल धुतलं जातं. आम्ल होतं तोवर एका गोष्टीला ब्रेक होता, तो सुटतो.

ती गोष्ट म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात उघडणारं एक भोक. कॅल्शियम फार झालं की ते उघडतं, १५०० डाल्टनपर्यंतचं (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) काहीही आरपार जातं, व्होल्टेज शून्य, पाणी आत शिरून मायटोकॉन्ड्रिया फुगतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऊर्जा बनवणारं यंत्र उलटं फिरून उरलीसुरली ऊर्जा जाळायला लागतं. ब्रिस्टलच्या ग्रिफिथ्स आणि हॅलस्ट्रॅप यांनी १९९५ मध्ये उंदराच्या हृदयात दाखवलं की नस बंद असताना हे भोक बंदच असतं, रक्त सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत उघडतं. तुमच्या भावाच्या लेखातलं वाक्य बहुतेक इथूनच आलंय.

हे मी रोज डोळ्याने बघते म्हणून एक सांगते. उंदराच्या हृदयातून सुट्या पेशी काढायच्या तर आधी बिनकॅल्शियमचं द्रावण सोडावं लागतं. पेशी सुट्या झाल्या की सूक्ष्मदर्शकाखाली छान विटेसारख्या लांबट दिसतात, आडव्या बारीक रेघा, कडा धारदार. मग कॅल्शियम परत द्यायचं ते थेंबाथेंबाने, आधी अगदी कमी, काही मिनिटं थांबून थोडं जास्त, असं करत नेहमीच्या पातळीला. पहिल्या वर्षी मी एकदा घाईत सगळं एकदम घातलं. बघता बघता विटा आकसल्या, पटलावर फुगे आले आणि दहा मिनिटांत गोल गोल गोळ्या. एकही वाचली नाही. तीच पेशी, तेच कॅल्शियम, फक्त एकदम आलं. अख्ख्या हृदयात हाच प्रकार डच संशोधकांनी १९६६ मध्ये नोंदवला होता, त्याला कॅल्शियम पॅराडॉक्स म्हणतात.

मीठभाकर

पेशीघर ताई, फार सुंदर समजावलंत, डीपीचं तर लगेच पटलं. पण मग एक शंका. भोक माहीत आहे, कॅल्शियम कुठून येतं माहीत आहे, तर इतक्या वर्षांत ते बंद करणारं औषध का नाही? कॅथ लॅबमध्ये स्टेंट टाकायच्या आधी एक इंजेक्शन दिलं की झालं, असं का होत नाही?

पेशीघर

हा प्रश्न आमच्या लॅबमध्ये दर आठवड्याला निघतो 🙂

प्रयत्न झाला, आणि मनापासून झाला. सायक्लोस्पोरिन नावाचं औषध, किडनी बदललेल्या लोकांना देतात ते, या भोकाला आवर घालतं. १९८० च्या दशकात क्रॉम्प्टन यांनी ते दाखवलं, पुढे २००५ मध्ये ज्या प्रोटीनला ते चिकटतं ते काढून टाकलेले उंदीर तयार केले तर त्यांच्या हृदयाचं नुकसान खरंच कमी झालं. मग २००८ मध्ये फ्रान्समध्ये ५८ पेशंटना स्टेंटच्या ऐन आधी हे देऊन बघितलं, मेलेला स्नायू कमी भरला. सगळ्यांना वाटलं सापडलं. २०१५ मध्ये मोठी चाचणी झाली, ९७० पेशंट, पुढच्या नसेचा अ‍ॅटॅक म्हणजे आप्पांना झाला तोच. वर्षभरात मृत्यू, हार्ट फेल्युअर किंवा हृदय पसरणं यांचं एकत्रित प्रमाण औषध घेतलेल्यांत ५९ टक्के आणि न घेतलेल्यांत ५८. काहीच फरक नाही.

का, यावर भांडणं आहेत. माझं मत विचाराल तर मुख्य अडचण वेळेची आहे. भोक उघडतं पहिल्या मिनिटांत, औषध शिरेतून दिलेलं, नस बंद असताना ते नसेच्या पलीकडं पोचणार कसं? आणि उंदीर असतो तरुण, तंदुरुस्त, अर्धा तास नस बांधलेला. पेशंट असतो साठीचा, शुगर-बीपीवाला, चार-पाच तास उशिरा आलेला. त्याच्या ज्या पेशी आधीच गेल्यात त्यांना कुठलं इंजेक्शन परत आणणार? कुत्र्यांवरच्या जुन्या प्रयोगांत साधारण २० मिनिटांच्या आत रक्त परत आलं तर बहुतेक पेशी वाचायच्या, पुढे मरण हृदयाच्या आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडं लाटेसारखं सरकत जायचं.

मग दुसरा विचार असा आला की भोक सोडा, कॅल्शियम आत जायचा दरवाजाच बंद करू. तो दरवाजा कुठलं प्रोटीन आहे हे कळायला पन्नास वर्षं लागली! मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम ओढतात हे १९६० च्या सुरुवातीला कळलं होतं, आणि प्रोटीन सापडलं २०११ मध्ये, इटलीत पाडोव्हाला आणि अमेरिकेत बॉस्टनला, दोन गटांना एकाच वेळी. एमसीयू म्हणतात त्याला. २०१३ मध्ये हे प्रोटीन जन्मापासूनच नसलेले उंदीर केले आणि अपेक्षा अशी की त्यांना अ‍ॅटॅकमध्ये कमी नुकसान होईल. पण नुकसान नेहमीच्या उंदरांइतकंच झालं! सगळे चक्रावले. २०१५ मध्ये फिलाडेल्फिया आणि सिनसिनाटीच्या गटांनी तोच दरवाजा मोठ्या उंदरांत, फक्त हृदयात बंद केला, तेव्हा मात्र हृदय वाचलं. जन्मापासून नसेल तर शरीर दुसरी वाट शोधून ठेवतं असं दिसतं. पण त्या वाचलेल्या उंदरांची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एरवी ठीक, पण अ‍ॅड्रिनलिनसारखं औषध दिल्यावर हृदयाने जी एकदम उसळी घ्यायला हवी ती जमेना. कारण ऊर्जा वाढवा हा निरोपच पोचत नव्हता.

आणि कॅल्शियम बाहेर काढायचा जो दरवाजा आहे, एनसीएलएक्स, तो मोठ्या उंदरांच्या हृदयातून काढला तर दोनेक आठवड्यांत बहुतेक उंदीर मेले (२०१७, फिलाडेल्फिया). उलट तोच जास्त बनवायला लावला तर अ‍ॅटॅकचं नुकसान कमी. म्हणून माझा कल बाहेर काढण्याच्या बाजूकडे आहे. आत यायचं पूर्ण बंद केलं तर पेशी उपाशी राहते, यायला हवं आणि वेळेत जायलाही हवं. माणसाला देता येईल असं या दरवाजाचं औषध अजून नाही.

रात्रपाळी_एमडी

ताईंनी लॅबची बाजू लिहिली, मी वॉर्डची लिहितो, कारण ऊसकरींच्या मूळ पोस्टमधली सगळ्यात चांगली गोष्ट, ३५ चे ४५, तिच्यावर कुणी बोललंच नाही.

झोपलेला स्नायू हा डॉक्टरांनी धीर द्यायला वापरलेला शब्द नाही. ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी १९८२ मध्ये त्याला स्टन्ड म्हणजे सुन्न झालेला स्नायू असं नाव दिलं. पेशी जिवंत आहे, रक्त नीट मिळतंय, पण आकुंचन नाही. कॅल्शियमचा तो लोंढा आणि जळजळीत कण यांचा मार बसलेला असतो पण भोक कायमचं उघडलेलं नसतं. अशा पेशी कॅल्शियम हळूहळू बाहेर काढतात, बिघडलेली प्रोटीनं बदलतात आणि दिवसांत, आठवड्यांत कामाला लागतात. म्हणून तर पंपिंग ३५ किंवा कमी असलं तरी छातीत शॉक देणारं मशीन बसवायचा निर्णय लगेच घेत नाहीत, अ‍ॅटॅकनंतर किमान ४० दिवस आणि स्टेंटनंतर तीन महिने थांबून परत इको करतात. आप्पांचा परवाचा इको त्यासाठीच असणार.

आता या वाचलेल्या पेशींचा पुढचा धोका उलट्या बाजूचा आहे. कमजोर झालेल्या हृदयाच्या पेशीत सोडियम वाढलेलं असतं. सोडियम जास्त झालं की ताईंनी सांगितलेल्या त्या बाहेर काढायच्या दरवाजातून (एनसीएलएक्स) मायटोकॉन्ड्रियातलं कॅल्शियम जास्तच निघून जातं, मग जोर लागतो तेव्हा ऊर्जा वाढत नाही. जॉन्स हॉपकिन्समध्ये गिनी पिगच्या पेशींवर २००६ मध्ये हे दाखवलं होतं. म्हणजे अ‍ॅटॅकच्या दिवशी कॅल्शियम जास्त झाल्याचा त्रास आणि पुढे हार्ट फेल्युअरमध्ये कमी पडल्याचा. हे समजलं की कॅल्शियम वाईट म्हणून बंद, हा हिशोब का चुकतो ते कळेल.

आप्पांना मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल, डॅपाग्लिफ्लोझिन असं काहीतरी चालू असेल. यातलं मेटोप्रोलॉल हृदयावरचा अ‍ॅड्रिनलिनचा रेटा कमी करतं, म्हणजे दर ठोक्याला होणारी कॅल्शियमची उलाढाल सुद्धा शांत होते. डॅपाग्लिफ्लोझिन पेशीतलं सोडियम उतरवतं का यावर लॅबवाल्यांत वाद आहे, पण हार्ट फेल्युअरमध्ये ते उपयोगी पडतं हे मोठ्या चाचण्यांत दिसलंय. आणि अजून एक, कुणी म्हणेल कॅल्शियम ब्लॉकर घ्या म्हणजे हे सगळं थांबेल. नाही. त्या गोळ्या पेशीच्या बाहेरच्या पटलावर काम करतात, मायटोकॉन्ड्रियाच्या दरवाजावर नाही, आणि डिल्टियाझेम, वेरापामिल यांसारख्या तर पंपिंग कमी असताना टाळायच्या असतात.

मीठभाकर

मायटोकॉन्ड्रियासाठी म्हणून एक पावडर विकायला येतात आमच्याकडं, डबा साडेतीन हजाराला. ती घ्यायची नाही ना मग?

रात्रपाळी_एमडी

नको. त्या पैशात आप्पांसारख्या पेशंटची दोन-तीन महिन्यांची लिहून दिलेली औषधं येतील.

ऊसकरी_वाळवा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ताईंची पोस्ट आईला आणि आप्पांना मोठ्याने वाचून दाखवली. आईने सकाळी स्वतः दूध तापवून दिलं, नाचणी दळायला टाकलीय. गोळीसाठी सोमवारी दोन्ही डॉक्टरांना विचारतोय. साडेपाच तासांचं वाईट वाटायचं थांबलेलं नाही, पण रक्त सोडून चूक केली हे ओझं उतरलं. त्या इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना भेटायला जाणार आहे, भांडायला नाही, ईसीजीचं मशीन ठेवा म्हणायला. गरज पडली तर आम्ही चार घरं मिळून वर्गणी काढू.

ताई, आप्पांनी तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. ते म्हणाले, डीपी जळू नये म्हणून आपण मोटरीला टायमर लावतो, लाइट आली तरी दोन-चार मिनिटं थांबून मोटर उचलते, एकाची आधी, दुसऱ्याची नंतर. तसं हृदयाला रक्त थांबत थांबत नाही का देता येत?

पेशीघर

आप्पांना माझा नमस्कार सांगा. हाच विचार करून २००३ मध्ये अमेरिकेत अटलांटाला व्हिन्टेन-योहान्सेन यांच्या गटाने कुत्र्यांवर प्रयोग केला. नस मोकळी केल्यावर ३० सेकंद रक्त सोडायचं, ३० सेकंद परत बंद, असं तीनदा, आणि मगच पूर्ण चालू. मेलेला स्नायू बराच कमी झाला. एक कारण असं की थांबत थांबत दिल्याने आतलं आम्ल हळू धुतलं जातं, भोकावरचा ब्रेक थोडा जास्त वेळ टिकतो, आणि तेवढ्यात पेशीला कॅल्शियम उपसायला सवड मिळते. माणसांतही करून बघितलं, स्टेंटचा फुगा फुगवून आणि सोडून. छोट्या अभ्यासांत आशा दिसली, पण डेन्मार्कमधल्या मोठ्या चाचणीत (२०१७) मृत्यू आणि हार्ट फेल्युअरमध्ये ठोस फरक आला नाही, म्हणून सगळीकडं सर्रास करत नाहीत.

आमच्या लॅबमध्ये मात्र अजून करतो. प्रयोग संपला की हृदयाचे दोन-दोन मिलिमीटरचे काप करून रंगाच्या द्रावणात ठेवायचे, जिवंत भाग विटेसारखा लाल होतो, मेलेला पांढुरका राहतो. थांबत थांबत रक्त दिलेल्या हृदयात पांढरा पट्टा आतल्या कडेला बारीक असतो, एकदम दिलेल्यात तो अर्ध्या भिंतीपर्यंत आलेला असतो. पुढच्या आठवड्यात काप केले की त्याचा फोटो इथं टाकते, आप्पांना दाखवा.